आमची सायकल कुठे सुटली?

आमच्या घरांत परदेशाची कारणे दोनच. एक रोजगार, दुसरे हज-उमरा. कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात चक्कर मारा, घरटी एक जण कुवेत, मस्कत, दोहा किंवा सौदीत आहे, नाहीतर तिथे वर्षे काढून परत आला आहे. पण ‘कशाला गेला होता?’ या प्रश्नाला ‘सहज, फिरायला’ असे उत्तर देणारा माणूस शोधून सापडायचा नाही. बाई तर नाहीच नाही.

आम्ही चौघी मात्र गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अगदी सहज फिरायला म्हणून दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला गेलो आणि तिथे एका शनिवारी दिवसभर सायकलवर हिंडलो. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांना आधीच सांगून टाकतो, आमच्याबरोबर एकीचे मियाँ होते आणि दुसरीचा सख्खा भाऊ. तेव्हा काळजी नसावी.

आम्ही चौघी शिक्षिका. वीस वर्षांपूर्वी बी.एड.ला एका बाकावर बसायचो. आता चार वेगवेगळ्या शाळांत शिकवतो आणि एकमेकींना विषयाच्या नावाने हाक मारतो. उर्दूवाली, मराठीवाली, गणितवाली आणि विज्ञानवाली. यापूर्वीचा आमचा परदेश म्हणाल तर दोघींचा उमरा झालेला. विज्ञानवाली नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षे मस्कतला राहिलेली, पण तिने मस्कत पाहिले ते गाडीच्या काचेतून. मराठीवालीचा पासपोर्ट तर कोराच होता.

पैसे कुठून आले, हा प्रश्न आम्हाला प्रत्येकाने विचारला, म्हणून तेही सांगतो. दरमहा प्रत्येकी २,००० रुपये बाजूला टाकत गेलो. तीन वर्षांत ७२,००० झाले. त्यात अदिस अबाबाला विमान बदलून जाण्या-येण्याचे तिकीट निघाले आणि हातखर्चही उरला. राहण्याचा खर्च नव्हता, कारण उर्दूवालीची थोरली आपा बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन केप टाउनला गेली आहे.

घरी विचारायला गेलो तेव्हा एकीच्या सासूबाई म्हणाल्या, “कुणाचं लग्न आहे का तिथे?”

“नाही, अम्मी.”

“मग कुणी आजारी आहे?”

“नाही.”

“मग जायचं कशाला?”

याला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. जमिनीवर हिंडा आणि पाहा, ही कुरआन शरीफमधली ताकीद आम्ही मुलांना शिकवतो, पण स्वतःला लागू करायची वेळ आली की सुट्टीत पापड-मसाले निघतात. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “जा. पण पोहोचल्याबरोबर फोन करा.”

केप टाउनमधले कोकण

केप टाउनला कोकणी मुसलमानांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली, जंजिऱ्याच्या हबसाणातली माणसे समुद्र ओलांडून तिकडे गेली. कर्जी, फुरुस, मोर्बा ही आपल्याकडच्या गावांची नावे तिथल्या जुन्या कुटुंबांच्या तोंडी अजून आहेत. कुणी फळे-भाजी विकली, कुणी लहानसे दुकान टाकले, कुणी दुसऱ्याच्या दुकानात राबले. शहराच्या मध्यभागी लूप स्ट्रीटवर हिंदुस्थानातून गेलेल्या मुसलमानांनी उभारलेली कुव्वतुल इस्लाम मस्जिद आजही आबाद आहे.

आपा राहतात तो रायलँड्सचा भाग शहर आणि विमानतळ यांच्या मधे पडतो. घरात आपांचे सासरे आहेत. पंच्याहत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना बाबा म्हणतात. त्यांचा जन्म केप टाउनचा, भारतात ते आयुष्यात दोनदा आले. पण कोकणी अशी बोलतात की आमच्या आजीची आठवण व्हावी. आपल्याकडे बोलण्यातून गेलेले कितीतरी शब्द त्यांच्याकडे जसेच्या तसे शिल्लक आहेत. आपांची मुलगी, म्हणजे आमची भाची, कॉलेजात शिकते. तिला कोकणी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. तिथे भज्यांना ‘डाल्ची’ म्हणतात आणि समोसा समोसाच आहे, त्यामुळे पहिल्या दिवशीच आमची पोटे तिथे रुळली.

पहिले तीन दिवस आम्हाला गाडीतून शहर दाखवण्यात आले. टेबल माउंटन पाहिला. दक्षिण-पूर्वेचा वारा सुटला की या सपाट माथ्याच्या डोंगरावर पांढरा ढग पसरतो आणि कडेने खाली लोंबू लागतो. तिथले लोक त्याला टेबलक्लॉथ म्हणतात. आम्ही त्याचे नाव दस्तरखान ठेवले. शहराची हवा साफ करतो म्हणून या वाऱ्याला तिथे ‘केप डॉक्टर’ असेही नाव आहे.

चौथ्या दिवशी रात्री जेवताना भाची म्हणाली, “खाला, गाडीतून शहर बघणं म्हणजे टीव्ही बघण्यासारखंच. उद्या शनिवार आहे. आम्ही मैत्रिणी सायकलवर जातो. चला.”

आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिले. गणितवाली घाईने म्हणाली, “मला येतच नाही.” बाकी तिघी काहीच बोललो नाही. आम्हाला येत होती. पण शेवटची चालवली त्याला तीस वर्षे होऊन गेली होती.

नऊ माणसे, आठ सायकली

सायकलच्या बाबतीत केप टाउन हे गंमतीचे शहर आहे. १९७७ साली तिथल्या शेकडो सायकलवाल्यांनी रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी जागा हवी म्हणून एक मोठी फेरी काढली. त्यातून पुढच्या वर्षी एक शर्यत सुरू झाली. ती आता दरवर्षी मार्चमध्ये होते, सुमारे १०९ किलोमीटरची, आणि जगभरातून हजारो माणसे त्यासाठी येतात. शहरात काही ठिकाणी सायकलींचे वेगळे पट्टे आहेत, काही ठिकाणी नाहीत. पण समुद्रालगतचा सी पॉइंटचा फरसबंद रस्ता शनिवारी सकाळी चालणारे, पळणारे, बाबागाड्या ढकलणारे आणि सायकलवाले अशा सगळ्यांचा असतो.

तिथेच एका दुकानातून दिवसभरासाठी सायकली भाड्याने घेतल्या. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी, आम्ही तिघी, उर्दूवालीचा भाऊ आणि गणितवालीचे मियाँ-बीवी. गणितवालीसाठी दोन जणांची लांब सायकल मिळाली, पुढे मियाँ, मागे ती. नऊ माणसे, आठ सायकली. दक्षिण आफ्रिकेत सायकलवाल्यांना हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. ते स्कार्फवर घट्ट बसते की नाही, ही चिंता आम्हाला रात्रभर होती. छान बसते. सलवारीचे पाय चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून भाचीने केसांचे रबर दिले, ते घोट्यावर चढवले. आपांनी घरून निघताना दोन सूचना दिल्या होत्या. मोबाइल हातात मिरवायचा नाही आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. शहर देखणे आहे, पण चोऱ्यामाऱ्या तिथेही आहेत, हे त्यांनी लपवले नाही.

एकदा आलेली सायकल विसरत नाही म्हणतात. पाय विसरत नाहीत, हे आम्ही कबूल करतो. पण भीती नव्याने शिकायला लागते. पहिल्या शंभर पावलांत आम्ही तिघी हँडल असे आवळून धरले होते की तळहातांवर वळ उठले. विज्ञानवालीने गिअर म्हणजे काय, लहान चाक आणि मोठे चाक यांचे गणित कसे असते, हे सगळ्यांना नीट समजावून सांगितले आणि पुढच्याच मिनिटाला हिरवळीवर जाऊन आडवी झाली. गुडघा खरचटला. उठली, झटकले आणि पुन्हा बसली. मागून लांब सायकलवरून आवाज येत होते. “तू पॅडल मारतच नाहीयेस.” “मारतेय. तुमचा हिशेब चुकतोय.” एकोणीस वर्षांच्या संसारात ही दोघे पहिल्यांदा एका सायकलवर बसली होती.

समुद्र डाव्या हाताला होता. मिठाचा आणि शेवाळाचा वास आमच्या दापोली-गुहागरच्या किनाऱ्यासारखाच, पण पाणी बर्फासारखे थंड. ग्रीन पॉइंटला लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आहे, १८२४ पासूनचा, दक्षिण आफ्रिकेतला सर्वांत जुना. तो भाग मूली पॉइंट म्हणून ओळखला जातो. हे नाव ऐकल्यावर उर्दूवालीला हसू आवरेना. त्या दिवसापासून आमच्या मोबाइलवरच्या गटाचे नाव ‘मूली पॉइंट’ आहे.

बाकावरच्या तीन गोष्टी

दीपस्तंभाजवळच्या बाकावर आम्ही दम खायला बसलो. लांबवर रॉबेन बेट दिसत होते. आपांनी बांधून दिलेल्या डब्यातले समोसे निघाले. भाचीने सहज विचारले, “खाला, तुम्हा तिघींना इतकी चांगली येते, मग सोडली कशाला?”

मराठीवालीने सांगितले. “सातवीपर्यंत शाळेत सायकलनेच जायचे. आठवीत गेल्यावर एक दिवस घरी आले तर सायकल धाकट्या भावाला दिलेली. कुणी रागावलं नाही, काही नाही. अम्मी एवढंच म्हणाली, आता तू मोठी झालीस.”

उर्दूवालीला नाक्यावर चाचांनी पाहिले होते. ते तिला काही बोलले नाहीत, अब्बांना बोलले. अब्बांनी सायकल माळ्यावर चढवली. तिची चाके पावसाळ्यात गंजली.

विज्ञानवालीची गोष्ट सर्वांत लहान होती. “मला तर कुणीच काही म्हटलं नाही. एक दिवस माझ्याच लक्षात आलं की रस्त्यावर माझ्या वयाची दुसरी मुलगी सायकलवर नाही. दुसऱ्या दिवसापासून मी चालत गेले. शाळा तीन किलोमीटरवर होती.”

गणितवाली म्हणाली, “माझी सुटली नाही, कारण मला शिकवलीच नाही.”

वीस वर्षांची मैत्री, पण या गोष्टी आम्ही एकमेकींना कधी सांगितल्या नव्हत्या. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे वाटलेच नव्हते.

भाची थोडा वेळ ऐकत राहिली. मग समोरच्या दिशेला हात करून म्हणाली, “पुढे पोहण्याचा तलाव आहे ना, त्यात बाबांना लहानपणी जायला मनाई होती. किनाऱ्यावरही. तिथे पाट्या होत्या.”

वर्णभेदाच्या राजवटीत १९५३ च्या कायद्याने बाकडी, किनारे, तलाव, बसगाड्या गोऱ्यांच्या वेगळ्या आणि इतरांच्या वेगळ्या झाल्या. १९५० च्या दुसऱ्या कायद्याने कुणी कुठल्या भागात राहायचे तेही सरकार ठरवू लागले. सी पॉइंट गोऱ्यांचे ठरले. किनारे सर्वांना खुले होतील, अशी घोषणा १९८९ च्या नोव्हेंबरात झाली, १९५३ चा कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि दुसरा १९९१ मध्ये. म्हणजे आम्ही शाळेत सायकल चालवत होतो त्याच सुमारास. इकडे बाबांच्या पाट्या निघत होत्या आणि तिकडे आमच्या सायकली माळ्यावर चढत होत्या.

हे त्या वेळी बाकावर कुणी बोलले नाही. आम्ही डबा बंद केला आणि पुढे निघालो.

चढावरचे बो-काप

समरसेट रोडने शहराच्या दिशेने गेले की सिग्नल हिलच्या पायथ्याशी बो-काप लागते. इथले रस्ते दगडी आणि चढ इतका उभा की सगळ्यांनी खाली उतरून सायकली ढकलल्या. गणितवालीच्या मियाँना लांब सायकल ढकलताना घाम फुटला आणि त्यांनी ‘पुढच्या वेळी उमरा’ असे जाहीर केले. पिवळी, गुलाबी, निळी, हिरवी अशी एकमजली-दुमजली घरे दोन्ही बाजूंना. डच राजवटीत इंडोनेशिया, हिंदुस्थान, सिलोन आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून गुलाम आणि कैदी म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांची ही वस्ती. वर्णभेदाच्या काळात हा भाग ‘मलय’ म्हणून नोंदलेल्या लोकांसाठी राखीव ठेवला गेला, त्यामुळे तो पाडला गेला नाही.

डॉर्प स्ट्रीटवर अव्वल मस्जिद आहे, १७९४ ची, देशातली पहिली. तिचे पहिले इमाम तुआन गुरू. इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरच्या राजघराण्यातले. डचांनी १७८० मध्ये त्यांना कैदी म्हणून आणले आणि रॉबेन बेटावर ठेवले. तिथे त्यांनी संपूर्ण कुरआन शरीफ पाठांतरातून लिहून काढले. सुटल्यावर त्यांनी मदरसा सुरू केला, ज्यात गुलामांची मुलेही शिकत. आम्ही मास्तरीण माणसे, आम्हाला मस्जिदीइतकाच हा मदरसा महत्त्वाचा वाटला. मस्जिदीची जागा एका मुक्त झालेल्या गुलामाच्या कुटुंबाची. पुढे ती त्याची मुलगी सार्तजी हिच्या नावावर आली आणि तिने ती मस्जिदीसाठी दिली. देशातल्या पहिल्या मस्जिदीमागे एका बाईचे नाव आहे, हे तिथली माणसे अभिमानाने सांगतात.

उर्दूवालीने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. इथले मुसलमान आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहीत असत. अबू बकर एफेंदी नावाच्या उस्मानी आलिमने दीनचे एक पुस्तक याच पद्धतीने लिहिले आणि ते १८७७ साली इस्तंबूलला छापले गेले. भाषा शेजाऱ्यापाजाऱ्यांची, लिपी मदरशातली. मराठी बोलून उर्दू लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटण्यापेक्षा घरचे वाटले.

इतक्यात डोंगरावरून तोफेचा असा आवाज झाला की मराठीवालीच्या हातून सायकल पडली. बारा वाजले होते. सिग्नल हिलवरून रविवार सोडून रोज दुपारी बाराला तोफ डागतात. हा रिवाज १८०६ पासूनचा. वस्तीतली पोरे आमच्याकडे बघून हसत होती. आपांच्या ओळखीच्या एका घरी वुजू करून जोहर अदा केली. त्यांनी चहा आणि कूसिस्टर दिले, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला मऊ, मसालेदार गोड पदार्थ. निघताना आम्ही ‘शुक्रिया’ म्हणालो, तर त्या घरच्या आजी म्हणाल्या, ‘तरमकासी’. मलय भाषेतला आभाराचा शब्द, दोनशेहून अधिक वर्षे टिकलेला.

बाबांचा प्रश्न

उतारावरून शहरात यायला सायकलला पॅडल मारावे लागले नाही. सेंट जॉर्ज कॅथीड्रल गेले, बाजाराचे रस्ते गेले, जुन्या किल्ल्याच्या जवळून आम्ही ब्युटनकांट स्ट्रीटवर आलो. तिथे एका जुन्या चर्चच्या इमारतीत डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम आहे. दारात बाबा उभे होते. आपांचा मुलगा त्यांना बक्कीतून घेऊन आला होता. आपल्याकडच्या पिकअपला तिथे बक्की म्हणतात.

डिस्ट्रिक्ट सिक्स म्हणजे शहराचा सहावा प्रभाग. १८६७ पासून त्याला हे नाव. गोदीतले कामगार, शिंपी, फळवाले, मलय, हिंदुस्थानी, ख्रिस्ती, यहुदी सगळे इथे दाटीवाटीने राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने हा भाग गोऱ्यांचा म्हणून जाहीर केला. त्यानंतरच्या वर्षांत ६०,००० हून अधिक माणसांना इथून हलवून दूरच्या वाळूच्या माळावर पाठवले गेले आणि घरे बुलडोझरने पाडली. मस्जिदी आणि चर्च तेवढे उभे ठेवले. आजही तिथे मोठमोठ्या जागा मोकळ्या पडलेल्या दिसतात.

म्युझियमच्या जमिनीवर साऱ्या वस्तीचा एक प्रचंड नकाशा अंथरलेला आहे. तिथे राहिलेल्या माणसांनी त्यावर आपल्या घरांच्या जागी स्वतःची नावे लिहिली आहेत. वर रस्त्यांच्या जुन्या पाट्या टांगल्या आहेत. बाबा हनोव्हर स्ट्रीट शोधत नकाशावरून हळूहळू चालत गेले आणि एका गल्लीशी थांबले. त्यांच्या वडिलांचे फळा-भाजीचे दुकान तिथे होते. पोरवयापासून बाबा पुढे मोठी टोपली लावलेल्या सायकलवरून गिऱ्हाइकांकडे माल पोहोचवायचे. सरकारचा हुकूम निघाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढे घर गेले, दुकान गेले, ते रायलँड्सला आले. सायकल बरोबर आणली होती. पण तिथे गिऱ्हाईक नव्हते आणि ओळखीची दारे नव्हती. काही महिन्यांनी ती विकली.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी आमच्या आठ सायकलींकडे बघितले. भाचीने त्यांना सकाळच्या गोष्टी सांगितल्या. भावाला दिलेली सायकल, माळ्यावर गंजलेली सायकल, आपणहून सोडलेली सायकल. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आपल्या जुन्या कोकणीत जे विचारले त्याचा मतलब असा होता, “आम्हाला तर पाटी लावून अडवलं. पाटी होती म्हणून ती उपटायला माणसं जमली. तुमची पाटी कुठे होती?”

आम्ही उत्तर द्यायचा प्रयत्न केला. आई-वडिलांचे वाईट नव्हते, दिवस तसे होते, लोक काय म्हणतील याची भीती होती, रस्त्यावरची टवाळ पोरेही होती. हे सगळे खरे होते. आम्ही अम्मी-अब्बांवर रागावलेलो नाही. त्यांनी आम्हाला बी.एड.पर्यंत शिकवले, ही काही लहान गोष्ट नव्हती. पण बाबांनी पुढचा प्रश्न विचारला त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. “आणि आता तुमच्या शाळेतल्या मुली?”

परत आल्यावर

परतीच्या विमानात आम्ही हाच हिशेब करत बसलो. आमच्या शाळांत पाचवी-सहावीच्या मुली सायकलवर येतात. आठवीनंतर त्या दिसत नाहीत. कुणी एस.टी.ची वाट बघते, कुणी चालते, एस.टी. चुकली की त्या दिवशी गैरहजर. नववी-दहावीच्या मुली पहिला तास का चुकवतात, यावर आम्ही सभांमध्ये बोललो आहोत, पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. सायकलचे नाव कधी काढले नाही.

विज्ञानवालीने तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची हकिगत सांगितली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरतेच्या मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली गेली. गावोगावच्या हजारो बायका शिकल्या, त्यात मुसलमान बायकाही होत्या. सुरुवातीला टोमणे बसले, नंतर लोकांना सवय झाली. बिहार सरकारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि मुलींचे थवेच्या थवे रस्त्यावर दिसू लागले. एकटी मुलगी डोळ्यांवर येते, वीस मुली रस्ता होतात. विज्ञानवालीने आठवीत सायकल सोडली तेव्हा ती एकटी होती, एवढाच फरक.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्या. पहिल्या रविवारी फजरनंतर आम्ही चौघी चिपळूणला जमलो. दोन सायकली मुलांच्या, एक शेजाऱ्यांची, एक दुकानातून दुरुस्त करून आणलेली, जिची घंटा वाजत नाही. वाशिष्ठीच्या बाजूने थोडे गेलो आणि आलो. चहाच्या टपरीवर काही माना वळल्या. एक ओळखीचे चाचा हाक मारून म्हणाले, “बाई, गाडी बंद पडली का?” आम्ही म्हटले, “नाही चाचा, सहज.” ते तेवढ्यावर थांबले. पुढच्या रविवारी त्यांनी नुसता सलाम केला.

गणितवालीला अजून तोल सांभाळता येत नाही. तिच्या सायकलची सीट धरून मागे धावायचे काम मियाँकडे आहे आणि ते ‘पुढच्या वेळी उमरा’ म्हणतच धावतात.

तिसऱ्या रविवारी नववीतल्या दोन मुली आल्या. त्यांना आम्ही बोलावले नव्हते. चौथ्या रविवारी त्यांतल्या एकीची आई आली. नदीकडच्या वळणावर बुरख्यात उभी राहून ती बराच वेळ मुलीला बघत होती. आम्हाला वाटले, घेऊन जायला आली. आम्ही उत्तरे तयार ठेवली. परतताना तिने आम्हाला थांबवले आणि मुलगी पुढे गेल्याची खात्री करून हळूच विचारले,

“बाई, माझ्या वयाला शिकता येते का?”

सीट धरून मागे धावायला आम्हाला आता आणखी माणूस लागणार आहे.